दोन्ही हात लागतात

मामा, तुमच्या मनात एक गोष्ट चुकीची राहून गेली आणि ती मीच राहू दिली. बारा वर्षं झाली तुम्हाला जाऊन. एवढ्या वर्षांत मनातल्या मनात तुमच्याशी बरंच बोलले, पण त्या एका गोष्टीपाशी आले की विषय बदलायचे. गेलेल्या माणसासमोरही विषय बदलता येतो, तुम्हाला पटणार नाही. गोष्ट तुम्हाला पाठ आहे. घरी येईल त्याला तुम्हीच ती सांगायचात: सुनेनं चाक बदललं, सासूनं निरोप अर्धाच पोचवला, दुधाकडं बघत बसली, आणि भर रस्त्यात चाक निखळायची वेळ आली. सगळे हसायचे. आत्याही हसायच्या. त्यात आत्यांची चूक नव्हती, एवढंच तुम्हाला सांगायचं आहे. पण एवढंच लिहून थांबले तर तुम्ही म्हणाल, मग चूक कोणाची, आणि तिथंच तर माझं पेन इतकी वर्षं अडलं आहे. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणायचं, ही आपल्याकडची रीत. हाक एवढी जवळची, आणि बोलणं मात्र बंद. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तुम्ही माझ्याशी कधी थेट बोलला नाहीत. राग नव्हता, भांडण नव्हतं. सून समोर आली की तुम्ही नजर फिरवायची आणि मी डोक्यावरचा पदर पुढं ओढायचा, असं दोघांनाही कोणी न शिकवता येत होतं. तुम्ही आयुष्यभर शहर ते फुलंब्री काळीपिवळी जीप चालवलेली. गाडीत कोंबलेल्या बारा-पंधरा जणांशी तुम्ही वाटेभर गप्पा मारायचात. जयंतीच्या मंडपात माइक हातात घेऊन मुलींच्या शिक्षणावर बोलायचात, टाळ्या घ्यायचात, आणि घरी येऊन, हातभर अंतरावर उभ्या असलेल्या सुनेकडून पाणी हवं असलं तर आत्यांना मागच्या दारातून बोलावून घ्यायचात. मला तेव्हा हसू यायचं. पदराआड हसायची सोय होती, एवढं पदराचं कौतुक मी करते.

मग माझी नेमणूक झाली, फुलंब्रीच्या पुढं, डांबरी सोडून आत एका गावात, उपकेंद्रावर नर्स म्हणून. हजेरी नऊची आणि पहिली बस फाट्यावर टेकायची साडेदहाला. दोनदा तोंडी समज मिळाली. तुमचा मुलगा कारखान्यात पाळीवर, त्याला माझ्या वेळेशी वेळ जुळवता येईना. तो म्हणाला, सोड ही नोकरी, दुसरी बघू. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात भाकरी थापतेय, आत्या शेजारी बसून शेकतायत, आणि पुढच्या खोलीतून तुमचा आवाज येतो, "तिला सांगा, नोकरी सोडायची नाय. गाडी शिकवू." आत्यांनी माझ्याकडं मान वळवली आणि जणू मी दुसऱ्या गावात राहते अशा थाटात सांगितलं, "म्हणतेत, गाडी शिकवू." मी म्हणाले, "बरं म्हणावं." आत्या ओरडल्या, "बरं म्हणती!" माझ्या आयुष्यातला एवढा मोठा निर्णय असा तीन तोंडांतून झाला. भाकरी मात्र करपली, आणि ती तुमच्याच ताटात गेली.

काळीपिवळी विकून तुम्ही ती जुनी पांढरी गाडी घेतली होती. तुम्ही शेजारी बसायचात, आत्या मागं. तुम्ही समोरच्या काचेकडं बघून म्हणायचात, "तिला सांगा, दुसरा टाक." आत्या मागून म्हणायच्या, "दुसरा टाक म्हणतेत." तोवर गतिरोधक येऊन गेलेला असायचा. एकदा तर हर्सूलच्या वळणावर तुम्ही "ब्रेक" म्हणालात आणि आत्या नेमक्या खिडकीतून कोणाला तरी हात करत होत्या. म्हैस स्वतःच बाजूला झाली म्हणून निभावलं. तरी मी शिकले. तुमचं शिकवणं आत्यांच्या तोंडातून गाळून येऊनही उरायचं, इतकं ते नेमकं होतं.

गाडी यायला लागली तरी किल्ली मिळाली नाही. तुमची अट होती: चाक स्वतः बदलता आलं पाहिजे, तेव्हाच एकटीनं जायचं. "रस्त्यात पंक्चर झालं तर कुणाच्या तोंडाकडं बघत उभी राहणार ती?" हे तुम्ही आत्यांना विचारलंत, उत्तर मी द्यायचं होतं. पुढच्या सोमवारपासून वेळेवर हजर झाले नाही तर लेखी समज येणार, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे चाकावर किल्ली आणि किल्लीवर नोकरी. गल्लीत भर दुपारी तो धडा झाला. आत्या ओट्यावर बसल्या, तुम्ही समोरच्या भिंतीकडं तोंड करून उभे. सून वाकणार, बसणार, तेव्हा तिच्याकडं बघायचं नाही म्हणून. भिंतीला तुम्ही एकेक पायरी सांगत होता. आधी चाकामागं दगड. मग गाडी जमिनीवर आहे तोवरच नट थोडे ढिले करायचे, वर उचलल्यावर चाक नुसतं गरगर फिरतं, जोर बसत नाही. मग जॅक. जुनं चाक काढायचं, स्टेपनी चढवायची. नट आधी बोटांनी फिरवायचे, निमुळती बाजू आत. एक आवळला की शेजारचा धरायचा नाही, समोरचा धरायचा, नाहीतर चाक एका अंगानं बसतं आणि दुसऱ्या अंगाला फट राहते. आत्या सगळं अचूक सांगत होत्या. मध्येच स्वतःच्या पदरचं एखादं घालायच्या, "आन् हात जपून गं." ते तुमचं नव्हतं.

आता नीट ऐका. शेवटची पायरी राहिली होती. तुम्ही आत्यांजवळ जाऊन हळू आवाजात काही सांगितलंत आणि गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकानापाशी जाऊन उभे राहिलात, पाठ आमच्याकडं करून. मी जॅक उतरवला. आत्या म्हणाल्या, "गाडी खाली आली की परत आवळायचे म्हणतेत. दोन्ही हातानं, जोर लावून, समोरासमोर. हेच खरं आवळणं म्हणतेत." शब्द न् शब्द सांगितला त्यांनी. मी ऐकला. पाना पहिल्या नटाला लावला, दोन्ही हातांनी ओढला, आणि पदर डोक्यावरून घसरून खांद्यावर आला. दुकानापाशी तिघं-चौघं उभे होते, त्यांची तोंडं आमच्याकडं. तुमची पाठ होती, पण तुम्ही कधीही वळला असतात. मी डाव्या हातानं पदर डोक्यावर घेतला आणि तो तिथंच धरून ठेवला. उरलेल्या तीन नटांना उजव्या हातानं नुसता पाना लावला आणि खडखड हलवला, म्हणजे लांबून आवाज ऐकू जावा. घामानं निथळत उठून उभी राहिले, जसं काही मोठं काम केलं. तुम्ही परत येऊन आत्यांना विचारलंत, "झालं का?" आत्या म्हणाल्या, "झालं." संध्याकाळी किल्ली देव्हाऱ्यात ठेवावी तशी तुम्ही ती माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवलीत आणि भिंतीला म्हणालात, "उद्या एक चक्कर मारू, मग सोमवारी जाऊ दे एकटी."

दुसऱ्या दिवशी चक्कर मारायला निघालो. मी चालवतेय, तुम्ही शेजारी, आत्या मागं. सावंगी गाव मागं पडलं आणि पुढच्या डाव्या बाजूला, काल बदललेल्या चाकापाशी, कट्‌ कट्‌ सुरू झालं. मला वाटलं दगड अडकलाय. स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. आणि तुम्ही ओरडलात, "थांबव! चाक बोलायलंय, पोरी, थांबव!" मामा, आत्यांना मध्ये न घेता तुम्ही माझ्याशी बोललेले ते पहिले शब्द. लग्नाला चार वर्षं झाली होती. मी गाडी कशी कडेला घेतली मला आठवत नाही. तुम्ही उतरून चाकापाशी बसलात, आणि तीन नट तुम्ही नुसत्या बोटांनी फिरवून दाखवलेत, बरणीचं झाकण फिरवावं तसे. एक तेवढा घट्ट होता. मग तुम्ही उठून आत्यांवर तुटून पडलात. "तुमी सांगितलं नाय का तिला, खाली घेतल्यावर आवळायला? एवढं एकच काम दिलं व्हतं! पोरगी मेली असती आज!" रस्त्यानं जाणारी एक जीप थांबून बघायला लागली. आत्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं, काल पाना धरलेल्या माझ्या हाताकडं. मग तुम्हाला म्हणाल्या, "नसंल सांगितलं. दूध ठिवलं व्हतं गॅसवर, माझं ध्यान तिकडं." मी तोंड उघडलं. काय झालं असतं ते मला दिसत होतं: किल्ली परत जाणार, सोमवार जाणार, नोकरी जाणार. मी तोंड मिटलं.

तुम्ही गाडीतून पाना काढून आणलात. मग माझ्याकडं वळून, सरळ माझ्या तोंडाकडं बघत म्हणालात, "आता कुणाच्या तोंडून नाय. मी सांगतो, तू ऐक. पदर खोच कमरेला. याला दोन्ही हात लागतेत." मी पदर खोचला. तुमच्यासमोर उघड्या डोक्यानं मी पहिल्यांदा बसले, आणि आभाळ कोसळलं नाही. तुम्ही माझ्या शेजारी उकिडवे बसून चारही नट माझ्याकडून आवळून घेतलेत, समोरासमोर, दोनदा. "पान्यावर उभं राहायचं नाय, बोल्ट तुटतो. अंगाचा भार टाकायचा, उड्या नाय मारायच्या." पाचेक किलोमीटरवर पुन्हा गाडी थांबवायला लावलीत आणि पुन्हा पाना लावायला लावलात. "नव्यानं बसवलेलं चाक जागा धरतं, जरा सैल पडतं. दरवेळी थांबायचं. लोक हसू देत." तुमच्या काळीपिवळीतले प्रवासी या थांबण्यावर किती कुरकुरायचे, ते मग परत येताना तुम्ही मला सांगत आलात. मी "हो मामा", "नाही मामा" म्हणत होते. मागं आत्या एक शब्द बोलल्या नाहीत. आत्या गप्प बसून प्रवास करतायत हेसुद्धा मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

सोमवारी मी पावणेनऊला उपकेंद्रावर होते. पुढच्याच आठवड्यात तुम्ही शहागंजच्या बाजारातून हातभर लोखंडी पाइप कापून आणलात, त्याच्या टोकाला सायकलची ट्यूब गुंडाळलीत आणि मला दिलात. जाम झालेला नट सुटत नसला तर पान्यावर हा पाइप चढवायचा, कमी ताकदीत सुटतो. "पण ध्यानात ठेव, हे उघडायला. आवळायला नुसता हात." तुम्ही मला कधी साडी दिली नाहीत, वाढदिवस तर आपल्या घरात कोणाचाच व्हायचा नाही. तो पाइप आजही गाडीत आहे. गाडी तिसरी आहे, पाइप तोच. मी तुमची लाडकी झाले, हे मला कळत होतं. तुम्ही मला वर्तमानपत्र वाचून दाखवायचात, जयंतीच्या भाषणाचा कागद आधी माझ्याकडं द्यायचात. आणि ते सगळं ज्या दिवसापासून सुरू झालं, तो दिवस मी माझी चूक आत्यांच्या नावावर ढकलून मिळवला होता. दुधाची गोष्ट निघाली की मी चहा करायला आत जायची.

शेवटच्या महिन्यात तुमची इंजेक्शनं मीच द्यायची. भेटायला कोणी आलं की तुम्ही श्वास लागत असतानाही ती गोष्ट सांगायचात, आत्यांकडं बघून डोळे मिचकावायचात. एका सकाळी खोलीत आपण दोघंच होतो. तुम्ही म्हणालात, "तुझ्या आत्याला लई बोललो मी त्या दिवशी. रस्त्यात, लोकांत." माझ्या हातात सुई होती. मी म्हणाले, "दंड सैल सोडा मामा." एवढंच म्हणाले. नर्सला बोलणं टाळायला नेहमी काहीतरी हाताशी असतं.

आता इकडचं सांगते. तुमच्या वेळचं औरंगाबाद पाट्यांवर छत्रपती संभाजीनगर झालं, आत्या अजून समोरचा माणूस बघून कुठलं नाव घ्यायचं ते ठरवतात. आत्या ऐंशीच्या आसपास असतील, नक्की त्यांनाही माहीत नाही. कानांनी ठीक, गुडघ्यांनी वाईट. गेल्या महिन्यात म्हणाल्या, जायकवाडी भरलंय म्हणतेत, मला पाणी दाखव. पैठणला निघालो, आणि निम्म्या वाटेत पंक्चर. सकाळची वेळ, छान ऊन. मी दगड लावला, पाना काढला. एक टेम्पोवाला थांबला, माझ्याच वयाचा, म्हणाला, "मॅडम, सरका, मी करून देतो." मी म्हणाले, "तुम्ही आमच्या आत्यांशी बोलत उभे राहा, तेवढी मदत करा." ओढणी कमरेला बांधून बसले. तो आत्यांशी बोलता बोलता माझ्या हाताकडं बघत होता. गाडी खाली उतरवून मी दुसऱ्यांदा आवळायला लागले तेव्हा म्हणाला, "कुणी शिकवलं?" आत्याच म्हणाल्या, "हिच्या सासऱ्यानं." त्यांच्या आवाजात एवढा तोरा होता की मला वर बघवेना.

पाच किलोमीटरवर एका चहाच्या टपरीपाशी थांबले. पुन्हा पाना लावला, चारही नट जागच्या जागी. चहा घेऊन आत्यांच्या खिडकीपाशी गेले आणि सांगून टाकलं. सगळं: पदर, डावा हात, पान्याची खडखड. आत्या फुंकर मारत चहा पीत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला काय सांगायलीस? मी वट्ट्यावरच व्हते की. डोळे काय घरात ठिवून आले व्हते?"

"मग दूध?"

"दूध सकाळीच तापवून ठिवलं व्हतं."

मी विचारलं, तेव्हाच का नाही बोललात. त्या म्हणाल्या, "मला काय ठाव तेवढ्यानं चाक निघतं! वाटलं, वरती आवळलं काय आन् खाली आवळलं काय. रस्त्यात कळलं. तवा मी बी घाबरले." रिकामा कप माझ्या हातात देत म्हणाल्या, "मी खरं बोलले असते तर त्यांनी तुझ्याकडं किल्ली दिली असती व्हय? माझ्यावरचा राग चार दिसांचा. तुझी नोकरी गेली असती ती गेलीच असती."

"पण मामा तुमचीच चूक समजून गेले, आत्या."

"गेले तर गेले. बायकू दुधाकडं बघत बसली, यात काय एवढं! आन् एक सांगू? त्या दिसापासून ते तुझ्याशी सरळ बोलायला लागले, माझी मधली डाक सुटली. चार वर्षं दोघांचं इकडून तिकडं सांगून सांगून माझं डोकं उठलं व्हतं." आणि त्या अशा हसल्या, की टपरीवाल्यानंही वळून बघितलं. मी रडत होते. मला खूप हलकं वाटलं, मामा. जायकवाडीचं पाणी आम्ही गाडीत बसूनच तासभर बघितलं. आत्या म्हणाल्या, पुढच्या महिन्यात वेरूळला नेशील का. नेणार आहे. उपकेंद्रावर आलेली नवी सिस्टर गाडी शिकतेय, तिला चाक मी शिकवते. ती जीन्स घालते, तिच्या दोन्ही हातांना कसलीच अडचण नाही, आणि ती मला इतके प्रश्न विचारते की तुम्ही खूश झाला असतात.

एक सांगायचं राहिलं. परवा तुमची लेक आली होती, पोराबाळांसकट. जेवणं झाली आणि दुधाची गोष्ट निघाली. मी ठरवलंच होतं. सगळ्यांसमोर म्हणाले, "ऐका, ती गोष्ट तशी नाही." आत्यांनी माझ्या मांडीवर हात दाबला. "तू गप. ती माझी गोष्ट हाय, मला सांगू दे." आणि त्यांनी ती सांगितली, तुमच्यापेक्षा रंगवून, दूध उतू गेल्याचा वास घरभर पसरला होता इथपर्यंत. पोरं लोळून हसली. मला पुन्हा बोलता आलं असतं. आत्यांचा हात मांडीवरून कधीच निघाला होता. मी बोलले नाही, आणि खरं सांगते मामा, बोलावं लागलं नाही याचं मला बरं वाटलं. म्हणून आज हे तुम्हाला लिहिलं. आत्यांना सांगून झाल्यावर वाटलं होतं, आता भीड उरली ती एकट्या तुमचीच. पण परवा पोरांसमोरही ती सुटली नाही, आणि तुम्हाला लिहू शकले तेही तुम्ही वाचणार नाही, हे माहीत होतं म्हणूनच.